मृत्यूची चौकशी आणि रस्त्याची दुरुस्ती : कोरोनर या पदाचा इतिहास

इंग्लंडमध्ये कोरोनर हे पद ११९४ साली, पहिल्या रिचर्ड राजाच्या कारकिर्दीत निर्माण झाले, तेव्हा माणसांचे जीव वाचवणे हा त्यामागचा हेतू नव्हता. धर्मयुद्धाचा खर्च आणि राजाच्या सुटकेसाठी द्यावी लागलेली खंडणी यांमुळे तिजोरी रिती झाली होती, आणि परगण्यापरगण्यात घडणारे गुन्हे व आकस्मिक मृत्यू यांच्या नोंदी ठेवून त्यांतून राजाला मिळणारा दंड आणि जप्तीचा माल बुडत तर नाही ना, हे पाहणारा अधिकारी राजाला हवा होता. अनैसर्गिक, अचानक किंवा कारण न उमगलेला मृत्यू घडला की कोरोनरने तेथे जायचे, आसपासच्या रहिवाशांची ज्यूरी बसवायची, प्रेत पाहायचे, आणि मृत कोण, तो कधी, कोठे व कसा मेला या प्रश्नांची उत्तरे नोंदवायची, ही त्याच्या कामाची पद्धत ठरली. महसुलाचा भाग काळाच्या ओघात गळून पडला, प्रश्न मात्र तसेच राहिले. आजच्या इंग्लंड आणि वेल्समधील कायद्याने कोरोनरला फौजदारी वा दिवाणी जबाबदारी कोणाची हे ठरवण्याची मनाई केलेली आहे. पहिल्या नजरेला ही मर्यादा वाटते, पण रस्त्यावरील मृत्यूंच्या बाबतीत या पदाने जे काही साधले त्याचे मूळ याच मर्यादेत आहे, कारण आरोपी शोधण्याच्या कामातून मोकळ्या झालेल्या अधिकाऱ्याला ‘हे कसे घडले’ या प्रश्नाचा पाठपुरावा वाहनचालकाच्या पलीकडे, रस्त्यापर्यंत, नियमांपर्यंत आणि ते करणाऱ्या खात्यापर्यंत नेता येतो.

मध्ययुगीन कोरोनरच्या दफ्तरात वाटांवरील मृत्यू जागोजाग भेटतात, आणि त्यांच्याशी निगडित असलेली ‘डिओडँड’ नावाची प्रथा आजच्या वाचकाला विचित्र वाटली तरी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. ज्या वस्तूमुळे मृत्यू ओढवला ती वस्तू, किंवा ज्यूरीने ठरवलेली तिची किंमत, राजाकडे जमा व्हावी आणि राजाने ती धर्मकार्याला लावावी, असा या प्रथेचा आशय होता. गाडीखाली माणूस सापडला तर गाडी, तिच्यावरचा माल आणि तिला जुंपलेले घोडे यांपैकी कशाकशाने मृत्यूला हातभार लावला याचा ज्यूरी काथ्याकूट करी, कारण चालत्या गाडीच्या बाबतीत सगळाच लवाजमा जप्तीस पात्र ठरे, तर उभ्या गाडीच्या चाकावरून पडून कोणी मेला तर केवळ चाकाचीच किंमत धरली जाई. गाडीवान गरीब असेल तर ज्यूरी मुद्दाम नाममात्र किंमत लावत असे. ही प्रथा म्हणजे सुरक्षेचा कायदा नव्हे, आणि तिला तसे रूप देणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. तरीही माणसाच्या हेतूबरोबर वस्तूचीही चौकशी व्हावी, ही कल्पना तिने शतकानुशतके जिवंत ठेवली.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि या जुन्या कल्पनेला अनपेक्षित धार चढली. २४ डिसेंबर १८४१ रोजी रेडिंगजवळ सॉनिंग येथील खोल खोदाईत पावसाने दरड कोसळली आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक मालगाडी तिच्यावर आदळली. या गाडीत तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना बुटक्या कडांच्या उघड्या डब्यांत, तेही इंजिन आणि मालाने लादलेल्या वाघिणी यांच्या मधोमध बसवलेले होते, त्यामुळे मागचा सगळा भार त्यांच्यावर आला आणि आठ माणसे जागीच ठार झाली. त्यांत नाताळसाठी घरी निघालेले गवंडी आणि पाथरवट बरेच होते. कोरोनरच्या ज्यूरीने मृत्यू अपघाती ठरवला, पण इंजिन आणि डब्यांवर १,००० पौंडांचा डिओडँड लावला. ही रक्कम पुढे टिकली नाही. तथापि ज्यूरीच्या मनातला राग कोठे वळला होता हे तिच्यावरून स्पष्ट दिसते: ज्यांनी डबे तसे जोडले त्या व्यवस्थेकडे. १८४४ च्या रेल्वे कायद्याने तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना ऊनपावसापासून आडोसा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि १८४६ मध्ये संसदेने डिओडँडची प्रथा रद्द करून त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला नुकसानभरपाई मागण्याचा हक्क देणारा वेगळा कायदा केला. भरपाईचा हक्क मिळाला ही मोठी गोष्ट झाली, यात शंका नाही. परंतु ज्या वस्तूने जीव घेतला तिच्याकडे बोट दाखवण्याचे ज्यूरीच्या हातातले एक साधन त्याच वेळी गेले.

रेल्वेचे तितकेसे बिघडले नाही, कारण १८४० पासूनच तिच्यासाठी सरकारी निरीक्षक नेमलेले होते आणि अपघातामागची कारणे शोधून ती छापण्याचा शिरस्ता तेथे पडत गेला. भारतातही रेल्वेच्या गंभीर अपघातांची चौकशी रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीबाहेरचे रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, ते याच परंपरेतून आलेले. रस्त्याला असा निरीक्षक कधी लाभला नाही. रस्त्यावर माणूस मेला की चौकशीसाठी उरत होता तो एकटा कोरोनर.

यंत्रावर चालणाऱ्या वाहनाने घेतलेल्या पहिल्या बळींपैकी एक आयर्लंडमधील पार्सन्सटाउन येथे ३१ ऑगस्ट १८६९ रोजी नोंदला गेला. सूक्ष्मदर्शकावरील लेखनासाठी ओळखल्या जाणाऱ्या मेरी वॉर्ड या नातेवाइकांनी बनवलेल्या वाफेच्या गाडीतून वळणावर खाली पडल्या आणि चाकाखाली सापडल्या. चौकशीत ज्यूरीने मृत्यू अपघाती ठरवला. लंडनमध्ये १७ ऑगस्ट १८९६ रोजी क्रिस्टल पॅलेसच्या आवारात प्रात्यक्षिकासाठी फिरवल्या जाणाऱ्या मोटारीची धडक बसून ब्रिजेट ड्रिस्कॉल या ४४ वर्षांच्या पादचारी महिलेचा मृत्यू झाला, आणि कोरोनर पर्सी मॉरिसन यांनी असे पुन्हा कधी घडू नये अशी आशा बोलून दाखवल्याचे सांगितले जाते. तेथेही ज्यूरीने अपघाती मृत्यूचाच निर्णय दिला. मोटारीचा वेग किती होता यावर साक्षीदारांचे एकमत होईना, एवढ्या नव्या वाहनाचा वेग डोळ्यांनी कसा जोखावा हेच लोकांना ठाऊक नव्हते. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून अमलात आलेल्या कायद्याने मोटारींची वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढवली. कोरोनरने आशा व्यक्त करावी, ती कोणालाही उद्देशून नसावी, आणि कायद्याने आपल्या वाटेने पुढे जावे, हा क्रम पुढच्या अनेक दशकांत वारंवार दिसतो.

१९२६ च्या कोरोनर दुरुस्ती कायद्याने बऱ्याच चौकशा ज्यूरीविना घेण्याची मुभा दिली, मात्र सार्वजनिक रस्त्यावर वाहनामुळे झालेल्या मृत्यूसाठी ज्यूरी सक्तीची ठेवली. ब्रिटनमध्ये रस्त्यावरील मृत्यूंची देशव्यापी मोजदाद याच वर्षी सुरू झाली आणि पहिला आकडा ४,८८६ निघाला. १९३० मध्ये मोटारींवर तोवर असलेली ताशी २० मैलांची मर्यादाच काढून टाकण्यात आली. १९३४ मध्ये मृतांची संख्या ७,३४३ झाली. त्यानंतर वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या काळात वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा, वाहन चालवण्याची सक्तीची परीक्षा आणि पादचाऱ्यांसाठी नारिंगी गोलकाच्या खांबांनी दाखवलेली ओलांडण्याची जागा या गोष्टी आल्या. या सुधारणांचे श्रेय कोरोनरांना देता येणार नाही. गावोगावच्या ज्यूरी मात्र आपल्या निर्णयाला ‘रायडर’, म्हणजे पुन्हा असा मृत्यू होऊ नये म्हणून काय करावे याची पुरवणी शिफारस, जोडू शकत असत, आणि त्या गावचा तो चौक, तो उतार रोज पाहणाऱ्या माणसांनी लिहिलेली ती पुरवणी ही स्थानिक ज्ञानाची एक मोलाची नोंद होती. तिची उणीव एवढीच की ती वाचून उत्तर देणे कोणावरही बंधनकारक नव्हते.

१९७१ च्या ब्रॉड्रिक समितीने या पुरवण्यांवर टीका केली आणि १९८० मध्ये ज्यूरीचा तो अधिकार काढून घेण्यात आला. त्याच्या जागी, समान स्वरूपाचे मृत्यू टाळण्यासाठी ज्याच्या हाती उपाय आहे अशा व्यक्तीला किंवा संस्थेला कोरोनर लेखी कळवू शकेल, अशी तरतूद आली. १९८४ च्या नियमांत तिचा क्रमांक ४३ होता, आणि जाणकारांत ती बराच काळ ‘नियम ४३ चा अहवाल’ याच नावाने ओळखली गेली. हा बदल लोकांच्या हातून अधिकार काढून अधिकाऱ्याच्या हाती देणारा होता, आणि त्याबद्दल खेद वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याने प्रथमच शिफारशीला पत्ता दिला. २००८ च्या दुरुस्तीने पत्ता मिळालेल्या संस्थेवर ५६ दिवसांत लेखी उत्तर देण्याचे बंधन घातले. २००९ च्या कायद्याची जुलै २०१३ मध्ये अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा कोरोनरच्या बाजूनेही ऐच्छिकपणा संपला: चौकशीत भावी मृत्यूचा धोका दिसला तर अहवाल पाठवणे हे आता त्याचे कर्तव्य आहे, आणि अहवाल व उत्तरे सर्वसाधारणपणे प्रसिद्ध केली जातात. या अहवालात कोरोनर आपली चिंता मांडतो. उपाय कोणता करावा हे सांगणे त्याचे काम मानले जात नाही. उत्तर देणाऱ्याने काय केले, काय करणार आहे आणि केव्हा, अथवा काहीच करणार नसल्यास का नाही, हे लिहायचे असते.

या व्यवस्थेचे बळ लंडनमधील एका उदाहरणात जवळून पाहता येते. पूर्व लंडनमधील सायकल सुपरहायवे क्रमांक २ या मार्गावर मोठ्या लांबीत सायकलस्वारांसाठी वेगळी मार्गिका नव्हती, होता तो केवळ डांबरावरचा निळा रंग. या रंगाने इतर वाहनांना मज्जाव होत नव्हता, अवजड ट्रक त्याच्यावरूनच वळत. सायकलस्वाराला मात्र ही आपली जागा आहे असे वाटे. मृत सायकलस्वारांच्या चौकशीनंतर २०१३ मध्ये कोरोनर मेरी हॅसल यांनी नेमके हेच लिहिले की निळा पट्टा सायकलस्वाराच्या मनात सुरक्षिततेची खोटी भावना निर्माण करतो. दोष ट्रकचालकाचा की सायकलस्वाराचा, या नेहमीच्या वादात रंगाचा डबा कोणाच्या लक्षात आला नसता. पुढे, २०१६ पर्यंत, या मार्गाच्या मोठ्या भागात कडेचे दगड घालून सायकलींची मार्गिका वेगळी करण्यात आली. तिच्यामागे सायकलस्वारांची आंदोलने होती, महापौरांचे राजकारण होते, आणि कोरोनरचा कागदही होता. एकट्या कागदाने हे केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

दुसरे उदाहरण अधिक मोठे आणि अधिक कठीण आहे. इंग्लंडच्या मोटारवेवर डाव्या कडेला बंद पडलेल्या वाहनांसाठी ‘हार्ड शोल्डर’ नावाची पट्टी राखून ठेवलेली असे. रहदारी वाढली तेव्हा रस्ता रुंद करण्याऐवजी ही पट्टीच वाहतुकीसाठी खुली करावी, आणि कॅमेरे व विजेच्या फलकांच्या साहाय्याने गरजेनुसार मार्गिका बंद करावी, अशी योजना पुढे आली. तिला ‘स्मार्ट मोटारवे’ म्हणतात. २००६ मध्ये एम ४२ वर झालेल्या प्रयोगात आपत्कालीन थांबे जवळजवळ होते. योजना पसरत गेली तसे हे थांबे विरळ झाले, आणि त्यांच्यात दीड मैलापर्यंत अंतर ठेवण्यास परवानगी मिळाली. ७ जून २०१९ रोजी शेफील्डजवळ एम १ वर दोन वाहने एकमेकांना घासली, दोघे चालक पहिल्याच मार्गिकेत थांबून एकमेकांचा तपशील घेऊ लागले, आणि मागून आलेल्या मोठ्या ट्रकने दोघांचाही जीव घेतला. ट्रकचालकाने निष्काळजीपणाची कबुली दिली आणि त्याला कैद झाली. फौजदारी न्यायाच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. जानेवारी २०२१ मध्ये कोरोनर डेव्हिड अर्पेथ यांनी मात्र ट्रकचालकाचे दुर्लक्ष हे मुख्य कारण असल्याचे मान्य करूनही हार्ड शोल्डर नसणे मृत्यूला कारणीभूत ठरल्याचे नोंदवले, आणि अशा रस्त्यांमुळे पुढेही मृत्यू होण्याचा धोका असल्याचे वाहतूकमंत्र्यांना व महामार्ग संस्थेला कळवले. चालक गुन्हेगार आहे आणि रस्ताही सदोष आहे, ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, एवढी साधी गोष्ट सरकारी दफ्तरात नोंदली जाण्यासाठी या पदाची गरज भासली. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने अशा नव्या रस्त्यांचे काम थांबवले आणि एप्रिल २०२३ मध्ये नव्या योजना रद्द केल्या. जे बांधून झाले होते ते वापरात राहिले.

चालकांच्या दृष्टीबाबत हीच गोष्ट अजून अर्ध्यावर आहे. ब्रिटनमध्ये परीक्षेच्या वेळी २० मीटरवरून वाहनाचा क्रमांक वाचता आला की पुढे ७० व्या वर्षापर्यंत, आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी नूतनीकरण करतानाही, आपली नजर ठीक आहे असे चालकाने स्वतःच लिहून देणे पुरेसे ठरत आले. लँकेशायरचे कोरोनर जेम्स अॅडली यांनी एप्रिल २०२५ मध्ये, नजर अधू झालेल्या चालकांमुळे झालेल्या चार मृत्यूंची चौकशी एकत्र घेऊन, ही पद्धत असुरक्षित असल्याचे वाहतूकमंत्र्यांना कळवले. या व्यवस्थेची दुबळी बाजूही येथेच सांगितली पाहिजे: ५६ दिवसांत उत्तर न देणाऱ्याला दंड नाही, उत्तरात दिलेला शब्द पाळला की नाही हे तपासण्याचा अधिकार कोरोनरला नाही, आणि एका जिल्ह्याच्या कोरोनरने लिहिलेला धोका दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा जीव घेतो तेव्हा दोन्ही कागद एकत्र ठेवून पाहणे बहुतेक वेळा संशोधकांवर सोपवलेले असते.

मुंबईकरांना हे पद परके नव्हते. १८७१ च्या चौथ्या कायद्याने इलाख्यांच्या राजधान्यांतील कोरोनरांचे अधिकार एकत्र बांधले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात अपघात, खून, आत्महत्या किंवा अज्ञात कारणाने आलेल्या अचानक मृत्यूची ज्यूरीसह चौकशी कोरोनर करू लागला. उर्वरित महाराष्ट्रात हे काम पोलिसांचे होते. १८७१ च्या कायद्यात नियम ४३ सारखे, उत्तर मागणारे कलम नव्हते आणि पुढेही आले नाही. इंग्लंडमध्ये हे पद बदलत गेले, मुंबईत ते विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जवळपास मूळ साच्यातच राहिले, आणि १९९९ मध्ये ते रद्द झाले. पद गेल्याचे दुःख करण्याइतके ते त्या वेळी कार्यक्षम होते, असा दावा येथे नाही. पण ज्या वेळी इंग्लंडमध्ये या पदाला नवे काम मिळत होते त्याच सुमारास मुंबईत ते बंद झाले, आणि त्याचे काम पोलिसांकडे सोपवताना मृत्यूतून काही शिकावे ही जबाबदारी कोणाच्याच नावावर लिहिली गेली नाही.

आज महाराष्ट्रात रस्त्यावर माणूस मेला की पोलीस दोन किंवा अधिक पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ हा त्याचा आधार आहे. जखमा, अस्थिभंग, मुका मार यांचे वर्णन करावे आणि त्या कोणत्या शस्त्राने वा साधनाने झाल्या असाव्यात ते लिहावे, असे हे कलम सांगते. खून डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही भाषा आहे, आणि मृत्यूचे दर्शनी कारण ठरवण्यापुरताच या चौकशीचा हेतू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यानंतर फिर्यादीत चालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने आणि भरधाव वेगाने चालवल्याचे ठरलेले वाक्य येते. दुभाजकावर आदळून चालक एकटाच मेला असेल तर आरोपीही तोच, आणि आरोपी मयत असल्यामुळे ‘अबेटेड समरी’चा अहवाल जाऊन प्रकरण बंद होते. दुभाजकाचे तोंड कोणतीही खूण वा दिवा नसताना अंधारात का सुरू होत होते, हा प्रश्न त्या कागदात कोठेही बसत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कुटुंबाला भरपाई देते, तेही रस्त्याबद्दल काही विचारत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९८-अ रस्त्याच्या सदोष आखणीसाठी व देखभालीसाठी एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करते. परंतु दंडासाठी आधी दोष कोणीतरी शोधून लिहावा लागतो.

हा दोष लिहिण्याची सरकारी रीत म्हणजे ‘ब्लॅक स्पॉट’, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१५ मध्ये ठरवलेल्या व्याख्येनुसार सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाले की ती जागा अपघातप्रवण ठरते. खर्चाचा क्रम लावण्यासाठी अशी संख्या हवी, हे समजण्यासारखे आहे. पण या व्याख्येत पहिल्या मृत्यूचे काम केवळ गणतीत भर घालण्याचे आहे, आणि इंग्लंडच्या कोरोनरची जबाबदारी मात्र पहिल्याच मृत्यूपाशी सुरू होते. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. या प्रत्येक मृत्यूची चौकशी कायद्याने करावीच लागते, म्हणजे पोलीस, पंच आणि कागद हे तिन्ही घटनास्थळी आधीपासून आहेत.

कोरोनरचे पद पुन्हा निर्माण करण्याची महाराष्ट्राला गरज नाही. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतील विषय असल्यामुळे, राष्ट्रपतींच्या संमतीने, कलम १९४ च्या अहवालात रस्ता, वाहन व नियम यांतील धोक्याचा स्वतंत्र रकाना घालणे, तो भरण्यासाठी पोलिसांच्या सोबतीला रस्ते अभियंता देणे, आणि ज्या खात्याचा रस्ता असेल त्याने ठरावीक दिवसांत दिलेले उत्तर लोकांना वाचता येईल असे प्रसिद्ध करणे, एवढे राज्य विधिमंडळाला करता येते. १९९९ मध्ये कोरोनरचे पद काढताना जे राहून गेले ते विधिमंडळाने आता पूर्ण करावे.